क्रॅटमच्या कायद्यावर माझी साक्ष

"जरा टाय सरळ करून देता का, वर्लीनबाई?" ड्वाइट मान पुढे करून माझ्यासमोर उभा राहिला.

राजधानीत विधिमंडळाच्या समितीच्या दालनाबाहेर आम्ही साक्षीसाठी थांबलो होतो. माझ्या दुकानासमोर चौदा वर्षं त्याचा पेट्रोलपंप आहे, पण त्याच्या गळ्यात टाय मी आज पहिल्यांदा पाहिला. मी हात मांडीवरून उचलला नाही.

"राहू दे. पण आज आपण एका बाजूला आहोत हं," तो म्हणाला.

खरं होतं, आणि तेच मला झोंबत होतं. मसुदा साधा होता: एकवीस वर्षांच्या आतल्यांना क्रॅटमची विक्री नाही, मालाची तपासणी, पाकिटावर लेबल. कायदा नसतानाही मी नऊ वर्षं हेच करत आले. माझ्याकडे फक्त क्रॅटमच्या झाडाच्या पानांची भुकटी, दुखणं मारणारी पण सवय लावणारी. पाठ गेलेले छपरं घालणारे मजूर, गुडघे गेलेल्या गिरणीतल्या बायका यायच्या. मी चमच्याने मोजून द्यायची आणि जास्त मागणाऱ्याला हाकलून लावायची. ड्वाइट मात्र त्याच पानांच्या अर्काच्या जहाल गोळ्या पंपावरच्या दुकानात च्युइंगमशेजारी मांडायचा.

माझा धाकटा भाऊ ओडेल माझ्या भुकटीवर सहा वर्षं कामाला जात होता. एकदा मी त्याला "आता बास" म्हटलं. तो चिडून रस्ता ओलांडून ड्वाइटकडे गेला. मार्चमध्ये पंपामागे, आपल्याच गाडीत, त्या गोळ्या खाऊन तो मेलेला सापडला. मातीच्या दिवशी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ड्वाइट भाजलेलं हॅम घेऊन आला. मी ते अख्खं कुत्र्याला घातलं.

नव्या कायद्यात त्याच्या गोळ्यांना लेबल लागणार होतं, एवढंच. सरसकट बंदीचा दुसरा मसुदाही समितीपुढे होता, पण त्याच्या बाजूने बोलायला कुणी दुकानदार कशाला येईल? कुठल्या मसुद्यावर काय बोलणार, याचं कार्ड दारात भरून द्यायचं असतं. मी लेबलच्या मसुद्यापुढे 'बाजूने' अशी खूण केली होती.

आधी ड्वाइट बोलला. "आमचा दोस्त ओडेल गेला. त्याच्या बहिणीच्या सोबतीने मी आज इथं उभा आहे." वळून त्याने माझ्याकडे हात केला. सगळं दालन कळवळून माझ्याकडे बघायला लागलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझं नाव पुकारलं. प्रत्येकाला तीन मिनिटं.

"कार्डावरची खूण खोडा, साहेब," मी म्हणाले. "बंदी घाला. सगळ्यावर."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, तुमचं दुकानही यावरच चालतं ना?"

"चालतं. तेही बंद करा. लेबल लावा म्हणालात तर हा माणूस उद्या लेबल लावून विकेल."

अर्ध्या मिनिटात मी संपवलं. उरलेला वेळ मी ड्वाइटकडे बघत उभी राहिले. त्याचा चेहरा उतरलेला बघून मला आनंद झाला, का खोटं बोलू?

बंदी आली. लेबलचाच कायदा येणार या भरवशावर ड्वाइटने गोळ्यांनी गोदाम भरून ठेवलं होतं. शेरीफचे पोलीस खोकी उचलून नेत होते, तेव्हा मी दारात खुर्ची टाकून थंडगार गोड चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी माझा माल मी स्वतः त्यांच्या गाडीत चढवला.

फळ्या पुसत होते तेव्हा युलेटा आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, गिरणीत उभं राहून गुडघे झिजलेली. तिने कॉफीचा रिकामा डबा काउंटरवर ठेवला.

"भर गं."

"आता नाही भरता येत, मावशी. गुन्हा आहे."

"कुणी केला हा अगोचरपणा?"

"मी. राजधानीत जाऊन मीच बंदी मागितली."

तिने डबा परत उचलला. "ओडेलसाठी?"

"हो."

"मग ओडेलला बरं वाटतंय का आता? कारण मला तर जिना चढवत नाही."

दारातल्या तीन पायऱ्या उतरताना मी तिचं कोपर धरलं. तिने ते सोडवून घेतलं आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. प्रत्येक पायरीवर थांबली.

पलीकडून ड्वाइट धावत आला आणि तिच्या गाडीचं दार उघडून उभा राहिला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत बसली.