एक नाव, तीन खुर्च्या

२००४ साली कोथरूडच्या एका पतसंस्थेत नवा सर्व्हर आला. त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि त्याच आठवड्यात त्याने माणसं बाहेर काढायला सुरुवात केली. कारकुनाने पावती करायला घेतली की मधेच पाटी: 'आपले सेशन संपले आहे. पुन्हा लॉगिन करा.'

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने उत्कर्षाला धाडलं. तिचा राजीनामा मालक यज्ञेश्वर यांच्या टेबलावर होता आणि हैदराबादची नोकरी एक तारखेला सुरू होणार होती. "काम झाल्याच्या अहवालावर पतसंस्थेची सही आण, लगेच सोडतो," मालक म्हणाले. 'सोडतो' हा शब्द ते फार प्रेमाने उच्चारत. कृतीची वेळ क्वचितच येई.

तोच प्रोग्रॅम कंपनीतल्या सर्व्हरवर सुतासारखा सरळ चाले. पतसंस्थेच्या जुन्या सर्व्हरवरही वर्षभर कुरकुर नव्हती. उत्कर्षाने सेशनची मुदत वाढवली, दोन्हीकडची सेटिंग्ज ताडून पाहिली, एकटीने लॉगिन करून बसली. काही होईना. ती उठली आणि कारकून बसले की पाटी हजर.

"तुमच्यासमोर मशीन कसं शहाण्यासारखं वागतं बघा," काउंटरवरच्या सगळ्यांत जुन्या मथुराबाई म्हणाल्या. "तुम्ही आता इथंच राहा."

मॅनेजर श्यामसुंदरराव तिला रोज केबिनमध्ये चहाला बोलवत. "घाई कसली? हैदराबाद काही पळून जात नाही."

ती लॅपटॉपवर सर्व्हरच्या नोंदी बघत होती. कप ओठाशीच थांबला. श्यामसुंदर या नावाने आत्ता, या मिनिटाला, काउंटरवर लॉगिन झालं होतं. समोर श्यामसुंदरराव चहात बिस्किट बुडवत होते.

"सर, आपण काउंटरवर आहात."

"मी? मी तुमच्यासमोर आहे."

"तिन्ही काउंटरवर आहात. पाळीपाळीने."

बिस्किट तुटून कपात पडलं.

त्यांनी दार लोटलं. "अहो, प्रत्येक मंजुरीला उठून माझ्यापर्यंत यायचं म्हणजे ताप. म्हणून मीच दिला पासवर्ड. मथुराबाईंना नाही कसं म्हणणार? मला काम त्यांनीच शिकवलं."

एका नावाला एकच खुर्ची, हा नियम प्रोग्रॅममध्ये पहिल्यापासून होता. दुसरा बसला की पहिला बाहेर. जुना सर्व्हर त्या नियमाकडे 'नो पार्किंग'च्या पाटीसारखं बघायचा. नवा सर्व्हर तो पाळत होता, एवढाच त्याचा गुन्हा.

"सर, प्रत्येकाला आपापल्या नावाने बसवा. प्रश्न मिटला."

"आणि वर्षभराच्या मंजुऱ्या कुणी दिल्या, असं ऑडिटरने विचारलं तर?"

"म्हणजे मी अहवालात खरं कारण लिहिलं तर आपण सही करणार नाही."

"असं कसं म्हणता! वाचून करीन की."

पुण्यात याला नकार म्हणतात.

उत्कर्षा दोन दिवस थांबली. मग एका दुपारी, त्यांच्याच केबिनमध्ये बसून, तिने प्रोग्रॅममधून तो नियमच काढून टाकला. तीन खुर्च्यांवर तीन श्यामसुंदर सुखाने बसले, पाटी आली नाही. मथुराबाईंनी तिला शेंगदाण्याचा लाडू दिला. मॅनेजरसाहेबांनी न वाचता सही केली, आणि ती रिक्षात बसेपर्यंत तिच्या मालकांना फोनही केला.

ती कंपनीत पोचली तेव्हा यज्ञेश्वर हसत होते. "काय जादू केलीस? देखभालीला उत्कर्षाच हवी म्हणतात, नाहीतर करारच नको."

"सर, सही आणलीय. तुम्ही सोडतो म्हणाला होतात."

"सही आणलीस म्हणून तर पंचाईत! नसती आणलीस तर दुसरा माणूस पाठवला असता आणि तुला सोडलं असतं." त्यांनी कागद सरळ केला. "शिवाय तो नियम तू काढलास ना? उद्या काही निघालं तर उत्तर द्यायला तूच हवीस. तोवर तुझा राजीनामा माझ्याकडेच राहू दे."

"मी काढला हे कुणी सांगितलं?"

"श्यामसुंदररावांनी. फार कौतुक करत होते तुझं."