पाव आटा

मामींच्या स्टुलावर स्टेपलर बसला, तिथून ही गोष्ट सुरू होते.

स्टूल बाइंडिंगच्या दुकानातलं. दुकान पाटीवर मामांचं, आत दोघांचं. मामा कागद कापायचे, खळ लावायचे, पुठ्ठा चढवायचे आणि गिऱ्हाइकांशी बोलायचे. मामी स्टुलावर बसून पुस्तकं शिवायच्या. मामांनी आरीने भोकं पाडून द्यायची, मामींनी त्यांतून सुईदोरा न्यायचा, असं लग्न झाल्यापासून चाललेलं. घरात मूलबाळ नव्हतं, पण येणारं-जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांना मामा-मामी म्हणे, त्यामुळे भाच्यांचा दुष्काळ कधी पडला नाही.

त्यातले एक भाचे म्हणजे वकीलसाहेब. कायद्याची जाडजूड पुस्तकं दर शनिवारी बांधायला आणत. एका शनिवारी त्यांनी आधी बांधून नेलेलं पुस्तक परत आणून टेबलावर उभं केलं. पुस्तक सावकाश डाव्या अंगाला कललं आणि आडवं झालं.

"मामा, हे पुस्तक कूस बदलतं," वकीलसाहेब म्हणाले.

मामांनी पुस्तक उघडलं. भोकं तिरपी पडली होती. ती पाडताना मामा फोनवर कुणाला तरी स्वतःच्या गुडघ्याची हकिकत सांगत होते, हे मामींना चांगलं आठवत होतं. मामांनाही आठवलं असावं, कारण त्यांनी भोकांवर पंजा ठेवला आणि सुस्कारा सोडून म्हणाले, "काय सांगू साहेब, हिचे हात गेले हो आता. वय झालं." मग मामींकडे वळून, अगदी मायेनं, "तू आता घरी विश्रांती घे गं. हात सुधारतील."

सोमवारी मामांनी एक भला मोठा स्टेपलर विकत आणला आणि जागा नव्हती म्हणून तो मामींच्या स्टुलावर ठेवला.

मामी यावर एक शब्द बोलल्या नाहीत. मामांना ते शुभलक्षण वाटलं. इतकी वर्षं संसार करूनही माणूस किती कोरा राहू शकतो, याचं हे उदाहरण.

मामींना काय हवं होतं, ते त्यांच्या मनात लख्ख होतं. स्टूल तर हवंच होतं. पण त्याआधी ते शब्द हवे होते. 'हात गेले' हे मामांनी स्वतःच्या तोंडानं, त्याच टेबलाशी, त्याच वकिलासमोर म्हणायला हवं होतं, आणि हात मामांचे असायला हवे होते. चहात मीठ घालण्याचा विचार त्यांनी करून पाहिला. पण चूळ भरली की मीठ संपतं. त्यांना टिकाऊ काम हवं होतं. शेवटी बाइंडिंगवाल्याची बायको.

मामांचा एक चाकू होता. घडीचा, खिशातला, पितळी मुठीचा. डाव्या हातात पुस्तक धरायचं, उजव्या हातानं चाकू काढायचा आणि नुसत्या अंगठ्यानं पातं उघडायचं, टक्! काम झालं की त्याच हातानं मिटायचं, टक्! खरं तर दोरा कापायला टेबलावर कात्री होती. पण कात्रीकडे कुणी बघत नाही. चाकूकडे गिऱ्हाईक बघे, आणि गिऱ्हाईक बघतंय हे मामा बघत.

दुपारी मामा जेवायला घरी येत आणि जेवून घोरत. चाकू तेव्हा फळीवर, चष्म्याशेजारी. घर सांभाळायला लागल्यावर एकदा मामींनी तो पुसायला घेतला आणि त्यांना पात्याच्या मुळाशी एक बारीकसा पितळी स्क्रू दिसला. त्यांनी शिलाई मशीनच्या खणातला पेचकस आणला आणि स्क्रू एकदम चार फेरे पिळला. पातं मुठीत असं रुतलं की दोन्ही हातांनी निघेना. तिकडे घोरणं थांबायच्या बेतात आलेलं. मामींनी कसेबसे ते फेरे उलटे फिरवले तेव्हा त्यांच्या पाठीला घाम फुटला होता. त्या दिवसापासून त्यांनी माप ठरवलं. एका वेळी पाव आटा, म्हणजे पाव फेरा. तोही घाई नसेल तेव्हा.

मग रोज दुपारी हे काम सुरू झालं. आधी सांध्यातलं तेल जुन्या फडक्यानं टिपून घ्यायचं. स्क्रू किंचित कसायचा. पातं उघडून बघायचं, मिटून बघायचं. कालच्याहून जड लागलं पाहिजे, पण संशय येण्याइतकं नाही. लोणी खूप थंड झालं की सुरी कशी अडते, तेवढंच. उघडताना जितकं अडेल तितकं मिटतानाही अडलं पाहिजे, नाहीतर माणूस चाकूलाच दोष देतो. दोन्हीकडून सारखं अडलं, की तो स्वतःकडे बघायला लागतो.

पहिला आठवडा मामांनी हवेवर काढला. "हवा दमट झालीय," ते जेवताना म्हणाले आणि अंगठा चोळला.

"फारच दमट आहे हो," मामी म्हणाल्या. दोरीवर वाळून पापडासारखे झालेले कपडे त्यांनी नुकतेच आत आणले होते.

मग टक् जाऊन त्याजागी 'कर्र' आला. मग मामांना चाकू उघडायला दुसरा हात लागायला लागला, आणि मिटायला टेबलाची कड. पुढे तर ते मिटायच्या भानगडीतच पडेनात. उघडा चाकू हातात धरून दारात उभे राहात आणि "या, या, बसा," म्हणत. दोन गिऱ्हाइकं न बसताच परत गेली.

"अगं," एकदा मामा हळूच म्हणाले, "माझा अंगठा तुला बारीक झाल्यासारखा वाटतो का?"

मामींनी अंगठा हातात घेतला. चष्मा लावून उलटसुलट पाहिला. "छे हो," त्या म्हणाल्या. आणि पुरेसा वेळ थांबून, "फार नाही."

मामा डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी काही झालेलं नाही असं सांगितल्यावर मामांची खात्रीच पटली की काहीतरी गंभीर आहे. येताना त्यांनी दाबायचा रबरी चेंडू आणला आणि इथे मामींचा हिशेब चुकला. मामा उठता-बसता चेंडू दाबू लागले. जेवताना डाव्या हातानं जेवत, कारण उजव्या हातात चेंडू. मामींनी आटा कसावा आणि मामांनी चेंडू दाबावा, अशी चुरस लागली. अंगठा गाजरासारखा झाला. मामांच्या हातून कपाचा कान निघून आला. त्यांच्याशी हात मिळवलेला शेजारी मनगट धरून घरी गेला. आणि एके दुपारी, जेवणाआधी, मामांनी दात-ओठ खाऊन एका अंगठ्यानं चाकू उघडून दाखवला.

"बघितलंस? हात आले परत!"

मामींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपले हात घालवणारा माणूस स्वतःचे मात्र परत आणतो! त्यांनी दुपारी पेचकस लावला, तर स्क्रू जागचा हलेना. आटे संपले होते.

भांडी घासायला त्या मोरीत गेल्या. नळ मामांनी बंद केलेला. त्या नव्या ताकदीनं असा आवळलेला की फिरेना. मामींनी पदर खोचला, सगळा जोर लावला. नळ एकदम सुटला आणि मामींचा हात भिंतीवर जाऊन आदळला.

मामींनी लाल झालेल्या हाताकडे पाहिलं. नळाकडे पाहिलं. आणि कित्येक दिवसांनी त्या गालातल्या गालात हसल्या.

शनिवारी दुपारी त्यांनी स्क्रू घट्ट न करता सैल केला. इतके दिवस पावापावानं कसलेलं सगळं एका बैठकीत सोडलं, वर मशीनच्या तेलाचा एक थेंब. पातं आता लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरत होतं. नुसतं बोट लावलं की उघडं. डगमगू नये म्हणून त्यांनी स्क्रू केसभर परत आवळला. काम म्हणजे काम. मामांनी उठून चाकू न उघडताच खिशात टाकला. आज ते जोर राखून होते, वकीलसाहेब यायचे होते.

मामी चहाची किटली घेऊन दुकानात पोचल्या तेव्हा वकीलसाहेब बसलेच होते. मामींनी त्यांना कप द्यायच्या निमित्तानं जरा भिंतीकडे सरकवलं. माणूस निर्दोष होता.

"साहेब, लोक म्हणत होते मामांचा हात थकला," मामा म्हणाले. "आता बघा!"

त्यांनी चाकू काढला, श्वास रोखला, आणि चेंडूवर पोसलेला अंगठा सगळ्या ताकदीनिशी पात्यावर घातला.

पातं उघडल्याचं कुणाला दिसलंच नाही. चाकू मामांच्या मुठीतून मासोळीसारखा उसळला, दिव्याला घासून गेला आणि खळीच्या भांड्यात बुडाला. खळ उडाली ती वकिलांच्या काळ्या कोटावर.

मग वकीलसाहेब रुमालानं कोट टिपत म्हणाले, "चाकू बिघडलाय वाटतं."

मामींनी भांड्यात हात घातला, चाकू काढला, फडक्यानं नीट पुसला. अंगठा लावला. टक्. मिटला. टक्. परत उघडला. टक्.

"चाकू उत्तम आहे," त्या म्हणाल्या.

"मग?" वकीलसाहेबांनी सवयीनं विचारलं.

मामांनी आपल्या पंजाकडे पाहिलं. "हात गेले हो माझे," ते म्हणाले.

मामींनी डोळे मिटून ते वाक्य घोटभर आत घेतलं. मग स्टुलावरचा स्टेपलर उचलून कोपऱ्यातल्या बाकड्यावर ठेवला, बसल्या, आणि सुई शोधत म्हणाल्या, "तुम्ही आता घरी विश्रांती घ्या. हात सुधारतील."

मामांनी चार दिवस घरी विश्रांती घेतली. मामी चाकू दुकानात नेत, त्यामुळे करायला काहीच नव्हतं. शर्टाचं बटण लावावं म्हणून त्यांनी मशीनचा खण उघडला. सुई सापडेना, पण पेचकस सापडला. त्याच्या टोकावर पितळेचा कीस होता. मशीन सगळं लोखंडी.

मामा तसेच, एका बटणाशिवाय, दुकानात आले. "चाकू दाखव जरा."

मामींनी कनवटीचा काढून दिला. मामांनी स्क्रू उजेडात धरला. डोक्यावर ओरखड्यांची दाटी झाली होती.

"हे काय?"

"वय झालं की पडतात," मामी म्हणाल्या आणि दोरा दातानं तोडला. मग वकिलांचं ते कललेलं पुस्तक त्यांनी उसवून मामांसमोर ठेवलं. "आणि हे काय?"

मामांनी भोकांवर पंजा ठेवायला हात पुढे केला. मामींनी नुसतं पाहिलं. हात परत गेला.

"फोनवर होतो गं मी," मामा पुटपुटले. "तिरपी पडली. माझ्याच हातून."

"मला ठाऊक आहे. साहेबांना सांगा."

"ते तर शनिवारी येणार."

"मग थांबा शनिवारपर्यंत."

मामींनी हात पुढे केला. मामांनी चाकू निमूट परत दिला. मामींनी तो एकदा उघडून, मिटून पाहिला. आता तो त्यांच्या अंगठ्याला बेताचा होता, ना जास्त ना कमी. त्यांनी तो कनवटीला लावला.

दुकानात बसायला दुसरी जागा म्हणजे ते कोपऱ्यातलं बाकडं. मामांनी स्टेपलर उचलला, बसले, आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून तो मांडीवर घेतला.