रमच्या पिंपातला आवाज

मी शिकागोतल्या एका स्वयंपाकघरात राहणारा ढोल बोलतोय. जन्माने मी पिंप. आमच्या पोर्तो रिको बेटावर स्पॅनिश मळेवाले असल्या पिंपांत रम भरत. उसात राबायला आणलेल्या आफ्रिकी गुलामांनी रिकामी पिंपं उचलली, तोंडावर बकऱ्याचं कातडं ताणलं आणि आपल्या मुलखाचे ठेके त्यातून काढले. त्या ठेक्यांवरच्या नाचाला बोम्बा म्हणतात. मलाही या घरच्या इवेलिसबाईंच्या वडिलांनी तसंच घडवलं. अंग मालकांचं, आवाज गुलामांचा. मला दोन्ही नाकारता येत नाहीत.

शिकागोत बाईंचा नवरा मला वाजवायचा, बाई नाचायच्या. तो वारला आणि माझ्यावर कुंडी आली.

मागच्या महिन्यात मुलगा म्हणाला, "आई, हा म्युझियमला देऊ. शनिवारी न्यायला येतील."

"शनिवारी मी नाचणार," अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई म्हणाल्या. "हा बोलला तर इथेच राहील."

वाजवणार कोण? वरच्या मजल्यावरची भाडेकरू नैना तयार झाली. पुण्यात ती ढोलपथकात होती. सवयीने टिपरू घेऊन आली आणि एक सणसणीत टोल दिला. माझं कातडं कळवळलं.

"अगं, मिरवणूक नाहीये ही," तिचा मित्र यश म्हणाला.

बाईंनी टिपरू काढून घेतलं. "फक्त हात."

नैनाने हातांनी पक्का ठेका धरला. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"तू मला नाचवतेस. आमच्यात पाय बोलतात, ढोल उत्तर देतो."

"मग ठेका कोण धरणार?"

"दुसरा ढोल." बाईंनी यशपुढे प्लास्टिकची बादली उपडी ठेवली.

"मास्टर्स करायला आलो आणि बादली बडवतोय, यार."

पाच दिवस नैना चुकत राहिली. नजर बाईंच्या पायांऐवजी माझ्यावरच जायची. तळवे सुजले, तरी रोज आली.

शनिवारी म्युझियमची दोन माणसं दारात उभी होती. यशची बादली सुरू झाली. बाईंनी स्कर्टचा घोळ उचलला आणि मध्येच थांबल्या. नैनाही थांबली. मग बाईंची टाच आपटली, आणि त्याच क्षणी मी बोललो. खांदा उडाला, मी बोललो. गुडघा दुखत असणार. बाई थांबल्या नाहीत.

मुलाने त्या माणसांची माफी मागितली आणि त्यांना कॉफी दिली.

मी आता म्हातारा आहे, कातडं बदलावं लागेल. बदला, पण काचेत ठेवू नका. मला हात हवेत, कुठल्याही मुलखाचे. फक्त अंगठ्या काढून या, आणि माझ्याकडे बघू नका, नाचणारीकडे बघा.