किटलीचा आत्मा

माणसाचा आत्मा कृष्णधवल असतो, हे सनातन सत्य जगाला प्रथम कळलं ते झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत. तिथले छायामहाराज पूर्वाश्रमी पासपोर्टचे फोटो काढत. आता आत्म्याचे काढत. गिऱ्हाईक तेच, फक्त चपला बाहेर काढून येई.

गर्दी पार जिन्यापर्यंत. भक्त खुर्चीत बसे, महाराज फोटो कॉम्प्युटरवर टाकत, डोळे मिटून माउस फिरवत आणि पडद्यावर ठसठशीत काळा-पांढरा चेहरा उमटे. करडा रंग औषधालाही नाही. पांढरं ते पुण्य, काळं ते पाप.

चित्रकलेच्या बाई आल्या होत्या त्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या मागोमाग. बाईंच्या होणाऱ्या नवऱ्याचा आत्मा इथेच निघाला होता, अर्धा डांबरासारखा. अप्पा ठरलेलं लग्न मोडायला निघाले होते.

"अर्धा माणूस खोटा निघाला! उरलेल्या अर्ध्याशी संसार करणार आहेस का?"

"अप्पा, साधी छत्री घ्यायची तर तुम्ही सगळा बाजार पालथा घालता. आणि जावई एका फोटोत नापास?"

"हळू बोल. महाराज ऐकताहेत."

बाई भिंतीवरचे आत्मे बघत होत्या. अप्पांसकट सगळ्यांची डावी बाजूच काळी. शाळेत त्या मुलांना खिडकीशी किटली ठेवून तिची छाया रंगवायला लावत. तिचीही उजेडापलीकडची बाजू अशीच दिसे.

त्यांनी गर्दीत चहा वाटणाऱ्या चहावाल्याची किटली उचलून खुर्चीत ठेवली. "महाराज, हिचा काढा."

"निर्जीव वस्तूला आत्मा नसतो, ताई."

"काढा हो," मागून कोणीतरी म्हणालं. "चहात पाणी किती घालतो ते तरी कळेल!"

किटली निघाली. अर्धी काळी.

"हिचंही लग्न मोडायचं का, अप्पा?"

बाईंनी माउस हातात घेऊन पडद्यावरची पट्टी सरकवली. किटली पांढरीशुभ्र. उलटी सरकवली, तर नुसता कोळसा.

"या पट्टीने एक हद्द ठरते. तिच्यापेक्षा गडद ते सगळं कॉम्प्युटर काळं करतो, उजळ ते पांढरं. हद्द ठरवतात महाराज. आता खुर्ची आणि कॅमेरा यांच्या जागा बदला. अप्पा, बसा."

या वेळी अप्पांची उजवी बाजू काळी आली.

"पापाने कूस बदलली," महाराज पुटपुटले.

अप्पांनी हळूच मान वळवून खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे पाहिलं. "जावयांना फोन लाव," ते म्हणाले. "जेवायला बोलाव."

"बोलावते. माणूस पारखायचा तर त्याच्याशी बोला, अप्पा. आणि चमत्कार दिसला, तर आधी त्याला प्रश्न विचारा."

महाराजांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. खोलीला खिडकी एकच होती.