कुठलंही बटण दाबा

आत्या पास झाली. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. सकाळचे अकरा वाजायला दोन मिनिटं कमी आहेत, आत्या अजून पास-नापास काहीच झालेली नाही, आणि माझे बाबा ओल्या फडक्याने मॉनिटर पुसताहेत.

परीक्षा कोर्टातल्या टायपिस्टची होती, घरूनच द्यायची. हेडफोनमध्ये एक आवाज दहा मिनिटं मजकूर सांगणार, एकदाच, आणि तो ऐकत टाइप करायचा. पंचवीस चुका माफ. सव्विसावी झाली की घरी बसा. आत्याने बावीस वर्षं एका वकिलाकडे टायपिंग केलं होतं. वकील निवृत्त झाला आणि आत्या आमच्याकडे राहायला आली. पुढच्या महिन्यात ती वयाच्या अटीबाहेर जाणार होती. "भावाच्या घरात पाहुणी म्हणून म्हातारी व्हायचं नाहीये मला," असं ती रोज चहा गाळताना म्हणायची, त्यामुळे चहालाही ते पाठ झालं होतं.

"दादा, पुरे आता."

"डाग आहे गं. कोर्टाचं काम आहे, स्वच्छ नको?" बाबांनी मॉनिटरच्या खालच्या कडेला अंगठा रोवून शेवटचा जोर लावला.

आत्याने हेडफोन चढवले, 'सुरू करा'वर क्लिक केलं आणि डोळे मिटले. ती डोळे मिटूनच टाइप करते. उघडे ठेवले की बोटं लाजतात म्हणते. बोटं धावायला लागली आणि स्क्रीनवर एक इवलीशी चौकट आली: पॉवर सेव्हिंग. मग मिट्ट काळोख. निळा दिवा पिवळा झाला आणि लुकलुकायला लागला.

"झोपला," मी म्हणाले.

"कोण?" आईने विचारलं.

"मॉनिटर."

"कॉम्प्युटर झोपला!" बाबा कुजबुजले. बाबांची कुजबुज दोन मजले खाली ऐकू जाते. "मग ही टाइप करतेय ते जातंय कुठे?"

आत्याला सांगणं शक्य नव्हतं. तिला हलवलं असतं तर दोन ओळी निसटल्या असत्या, आणि दोन ओळी म्हणजे पंचवीसच्या वर चुका. जे काही करायचं ते आवाज न करता, नऊ मिनिटांत.

मी माउस हलवला. ढिम्म. मागची वायर दाबून पाहिली, घट्ट होती. मग मॉनिटरचा प्लग काढला आणि आईला तीस आकडे मोजायला लावले. आईने ते सात सेकंदांत मोजले. प्लग लावला. कंपनीचं चिन्ह झळकलं.

"आला, आला!"

चौकट. काळोख. पिवळा दिवा.

"उठतो, आपली तोंडं बघतो आणि परत झोपतो," बाबा माझ्याकडे बघून म्हणाले. "घरातलं वळण आहे."

"अहो, बटण दाबलं की जागा होतो तो. कुठलंही दाबा," आई म्हणाली.

"आत्या मिनिटाला पन्नास शब्द दाबतेय की!"

"ती हळुवार दाबते. जोरात दाबायला हवं."

आत्याच्या बोटांमध्ये बोटं घालणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी माझा कीबोर्ड आणला आणि कॉम्प्युटरच्या मागे जोडला. बाबांनी एका बटणावर बोट ठेवलं आणि उचललंच नाही. आईने मोठ्ठं आडवं बटण थोपटलं. मी अधूनमधून जमेल ते दाबलं. तेवढ्यात कुजबुज ऐकून शेजारचे लिफ्टकाका आले. ते लिफ्ट दुरुस्त करतात.

"लिफ्ट अडकली की आम्ही सगळ्या मजल्यांची बटणं दाबतो," ते म्हणाले. "एखादा मजला तरी ओ देतोच." आणि त्यांनी तळमजल्यापासून सुरुवात केली.

पाच मिनिटं उरली. चार. आई घड्याळाकडे बघत नव्हती, घड्याळच आईकडे बघत होतं. आणि मला खालच्या कडेवर बाबांच्या अंगठ्याचा ओला ठसा दिसला. ठशाच्या बरोबर खाली एक बारीक बटण.

या मॉनिटरला मागे दोन सॉकेट आहेत, आणि चित्र कुठल्यातून घ्यायचं ते हे बटण ठरवतं. आमची वायर पहिल्यात. बाबांच्या अंगठ्याने त्याला दुसऱ्याकडे बघायला लावलं होतं. तो बिचारा मागच्या दारात पाहुण्यांची वाट बघत उभा, आणि पाहुणे पुढच्या दाराची बेल वाजवून बेजार!

मी ते बटण दोनदा दाबलं.

"उठलाऽऽ!"

लिफ्टकाकांनी बाबांना मिठी मारली. आईने मला मारली, आणि ती मिठी नव्हती, आनंदाची थाप होती. मग आम्ही स्क्रीन वाचला.

"वादीने प्रतिवादीस गगगगगगगगगग दिलेल्या नो टि शीस ममप उत्तर..."

आम्ही चौघांनी आपापल्या हातांकडे पाहिलं. कॉम्प्युटर झोपलेला नव्हताच. तो टक्क जागा राहून दोन्ही कीबोर्डांवरचं सगळं इमानदारीने लिहून घेत होता.

"मी खोडतो," म्हणत बाबा पुढे झाले.

"हात लावाल तर याद राखा!" आई म्हणाली. "सगळ्यांनी हात वर!"

उरलेली पावणेदोन मिनिटं चार माणसं हात वर करून श्वास रोखून उभी होती. आत्याची बोटं थांबली. तिने हेडफोन काढले, डोळे उघडले.

"दरोडा पडलाय का?"

स्क्रीनवर एक चक्र गरगर फिरलं, फिरलं, आणि थांबलं.

चुका: चोवीस. उत्तीर्ण.

जो काय गोंगाट झाला! लिफ्टकाकांनी शिट्टी मारली. आईने आत्याचा गालगुच्चा घेतला. बाबा खुर्चीवर उभे राहिले, का ते त्यांनाही माहीत नव्हतं.

आत्या मात्र मजकूर वाचत होती, ओळीवर बोट ठेवून.

"यात माझी एकही नाही," ती म्हणाली.

"अगं, पास झालीस!"

"झाले. पण बावीस वर्षांत वकिलाने एक अक्षर खोडायला लावलं नाही, आणि आता सरकारदरबारी माझ्या नावावर चोवीस? हे ग कोणाचे?"

"सगळ्यांचे थोडे थोडे," बाबा म्हणाले.

"दादा, एकाच अक्षरावर इतका वेळ बसणारा या घरात दुसरा कोण आहे?"

चौकशी अर्धा तास चालली. बाबा आठ कबूल करत होते, नऊ निघाल्या. मग आत्याने बाह्या सारल्या, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून टाइप केलं:

मा. परीक्षा नियंत्रक यांस,
विषय: चुका वर्ग करणेबाबत.
महोदय, माझ्या उत्तरपत्रिकेतील चोवीस चुकांपैकी नऊ माझ्या थोरल्या बंधूंच्या, सहा वहिनींच्या, पाच भाचीच्या व चार शेजारील लिफ्ट दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांच्या आहेत. तरी सदर चुका त्या त्या इसमाच्या नावे वर्ग करून चौघांनाही अनुत्तीर्ण झाल्याच्या स्वतंत्र गुणपत्रिका देण्यात याव्यात, ही नम्र विनंती.