रिकामं फिरवलेलं जातं

मित्रांनो, फोनमध्ये तुम्ही मला कदाचित पाहिलं असेल. अंगावर हळदीकुंकवाची बोटं, भोवती झेंडूची फुलं आणि माझा खुंटा धरून बसलेली नऊवारीतली म्हातारी. वालूरच्या कमलबाईंचं जुनं जातं ते मीच. तुम्ही बदाम दाबलेत, कौतुक केलंत. ते कौतुक आठवलं की आजही जमिनीत रुतून जावंसं वाटतं.

कमलबाईंच्या सासूबाईंनी मला पोखर्णीच्या जत्रेत एका पाथरवटाकडून घेतलं. बैलगाडीत कडब्यावर बसून मी वालूरला आले. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, लग्नातली हळद, सगळं माझ्या तोंडातून गेलं. अधूनमधून टाकी लावणारी बाई दारावर यायची आणि छिन्नीने माझ्या दगडांना बारीक खाचा पाडायची. त्या खाचांनीच दाणा दळला जातो. त्या झिजल्या की मी नुसता गुळगुळीत दगड.

घरात एक नियम होता. जातं रिकामं फिरवायचं नाही. दगडावर दगड घासला की त्याची कच पुढच्या पिठात येते. लेकरं खेळायला बसली की कमलबाई ओरडायच्या, "उठा रे मुडद्यांनो! भाकरीत खडे खाता का?"

मग गावात गिरणी आली. टाकीवाली यायची थांबली. मला न्हाणीमागे ठेवलं आणि माझ्यावर कोंबडी बसू लागली. त्याचं मला वाईट वाटलं, पण लाज वाटली नाही. म्हातारपणात लाज कसली?

लाज पुढे आली. कमलबाईंची सून मंजुषा सेलूला एका कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहायची. ती नोकरी सोडून तिने धपाट्याच्या पिठाचा धंदा काढला. धान्य स्वतः निवडायची, स्वतः भाजायची आणि गिरणीतून दळून आणायची. पीठ खरोखर चांगलं होतं. पण इन्स्टाग्रामवर पिशवीचे फोटो टाकले, तर कुणी ढुंकून पाहीना. धंदा बसला असता, तर तिला पुन्हा त्याच दुकानात उभं राहावं लागलं असतं.

तिची कॉलेजात जाणारी लेक सृष्टी म्हणाली, "मम्मी, पिशवीला कोण बघायलंय? जातं काढ बाहेर!"

मला धुतलं, सजवलं. गिरणीचं पीठ माझ्या कडेने पसरलं. कमलबाई खुंटा धरून थांबल्या.

"सृष्टे, दाणे टाक की. रिकामं फिरवू न्हाई गं."

"आज्जे, दाणे टाकले तर अख्खेच बाहेर पडतेत. तू निस्ती फिरव. लय भारी दिसायलंय!"

कमलबाईंनी मान वळवली आणि मला फिरवलं. माझा दगड दगडावर घासला. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं, "आजी किती गोड लाजतात!" त्या कशाने लाजल्या, ते मला ठाऊक होतं.

मागणी वाढली. कुणीतरी विचारलं, "जात्यावरच दळता का?" मंजुषाचं बोट जरा थांबलं. मग तिने लिहिलं, "हो."

एके दुपारी परभणीहून एक मोटार आली. चन्नबसम्मा नावाच्या आजी मुलाला, शिवकांतला, घेऊन मला बघायला आल्या होत्या. माझ्यावरून त्यांनी हात फिरवला.

"आमचं जातं घर बांधताना गेलं बघा. एक मूठ दळू का?"

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी शेजारी निवडायला ठेवलेल्या सुपातली ज्वारी माझ्या तोंडात घातली आणि खुंटा फिरवला.

बाहेर पडले अख्खे दाणे आणि काळी कच.

आजींना सगळं समजलं. मंजुषाचा चेहरा उतरला. तेवढ्यात अंगणातून शिवकांतने विचारलं, "काय झालं गं आई?"

आजींनी दाणे झटकन पदरात घेतले. "काय न्हाई रे. ज्वारी वलसर हाय. वाळली न्हाई अजून."

मित्रांनो, जिने आमच्यावर विश्वास ठेवला, तिलाच आमच्यासाठी खोटं बोलावं लागलं. आजी पिठाची पिशवी घेऊन गेल्या. कमलबाईंना त्यांना निरोपही देता आला नाही.

"मंजे, माझी लाज गेली तर गेली," त्या म्हणाल्या. "पर त्या माउलीला कामून खोटं बोलाया लावलं?"

"अत्याबाई, खरं सांगितलं तर कोण घेईल?"

"न्हाई घेतलं तर न्हाई. तिच्या पदरातले दाणे मला डोळ्यापुढून हलंना गेलेत."

दुसऱ्या दिवशी मंजुषा फुलांशिवाय माझ्यापुढे बसली. सृष्टीने फोन धरला. मंजुषाने मूठभर ज्वारी घालून मला फिरवलं आणि अख्खे दाणे हातावर घेऊन सगळ्यांना दाखवले.

"ह्या जात्याला टाकी न्हाई. पीठ गिरणीचं हाय. निवडणं, भाजणं आमचं. जात्यावर दळतो म्हणून मी लिहिलं, ते खोटं होतं."

लोक नको नको ते बोलले. मागण्या रद्द झाल्या. फोन गप्प पडला. सेलूच्या दुकानात जागा आहे का, हेही मंजुषाने विचारून ठेवलं.

मग शिवकांतच्या फोनवरून एक आवाज आला. "सूनबाई, मी चन्नबसम्मा. धपाटे लय चवदार झाले. अजून पीठ पाठवा, माझ्या बहिणीलाबी पाठवा. ज्वारी वाळलेली दिसायलीय आता."

मंजुषा हसली आणि पदराने डोळे पुसत पिशव्या भरायला उठली.

मी पुन्हा न्हाणीमागे आहे. कोंबडीही परत आली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून ठेवा, जपा, हवे तर त्यांचे फोटोही काढा. पण जे काम आम्ही करत नाही, ते आमच्या नावावर सांगू नका. आम्हाला 'नाही' म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.