आळीत विरजण नव्हतं

फुकटची वस्तू दारात आली की घरातली वस्तू जड वाटायला लागते. बायांनो, हे तुमचं-माझं सगळ्यांचंच आहे, म्हणून कळंबच्या साळुबाईला एकटीला नावं ठेवू नका.

दोन वर्षं पाऊस रुसला होता. कडबा मिळेना, जनावरांच्या कासा सुकल्या. तेव्हा पुण्याच्या एका मदत समितीची मोटार गावात आली. आत पत्र्याचे डबे. परदेशातल्या कुणा भल्या माणसांनी आपल्या लेकरांसाठी दुधाची पावडर धाडली होती. खोटं कशाला बोलू, त्या दुधानं आळीतली पोरं तगली. साळुबाईची नात भागू त्यातलीच एक.

मग पाऊस झाला. रानात गवत आलं. डबे मात्र येतच राहिले.

"आता म्हैस कशाला पायजे गं?" साळुबाई सुनेला म्हणाली. "शेण काढा, वैरण आणा, तिच्या लाथा खा! डब्याला शेपूट न्हाई आन शिंगं न्हाईत."

"आत्याबाई, डबं यायचं बंद झालं तर?" अंजनानं भीत भीत विचारलं.

"गोऱ्यांच्या मुलखात दुधाच्या नद्या हायेत म्हनं. त्या काय तुज्या इचारानं आटत्यात व्हय?"

म्हैस बाजारात गेली. अंजनानं पदर डोळ्याला लावला, पण सासूपुढं बोलायची काय बिशाद! साळुबाईचं बघून आळीनं गाई-शेळ्या विकल्या. मोटार यायच्या दिवशी मात्र बाया तांब्या घेऊन सगळ्यांच्या पुढं.

एक दिवस भागूनं कच्चे पेरू खाल्ले आणि तिचं पोट बिघडलं. पोर पार गळून गेली. डोळे आत गेले, मान टाकली. वैद्यबुवा म्हणाले, "दूध बंद करा. गोडं ताक द्या, त्यात मऊ भात कालवून द्या. सकाळी पोटात गेलं तर पोर उठून बसंल."

ताकाला दही हवं आणि दह्याला विरजण. चमचाभर तर लागतं! साळुबाई वाटी घेऊन शेजारी धोंडाबाईकडं गेली.

"आक्का, दिवे लागले की. आता कसं देऊ विरजण?"

पांढरी वस्तू दिवेलागणीनंतर दाराबाहेर देत नाहीत, हे साळुबाईलाही ठाऊक. ती पुढच्या घरी गेली. तिथंही तेच. त्याच्या पुढंही तेच. साळुबाईचं डोकं तापलं. ती परत धोंडाबाईच्या उंबऱ्यावर येऊन कडाडली, "माझी नात तिकडं निपचित पडलीया आन तुमाला दिवा दिसतोय? चमचाभर दह्यासाठी जीव घ्याल काय गं!"

धोंडाबाईला रडू फुटलं. "आसतं तर दिलं नसतं का, आक्का? शेळी विकल्यापास्नं घरात दही न्हाई. न्हाई म्हनायला लाज वाटली, म्हनून दिव्याचं नाव सांगितलं."

काय म्हणावं याला! अख्ख्या आळीत कुणाकडं चमचाभर विरजण नव्हतं!

साळुबाईनं घरी येऊन डब्याच्या दुधात मिरचीचे देठ टाकून पाहिले, लिंबू पिळून पाहिलं. पाणी वेगळं, चोथा वेगळा. राहिलं एकच दार, आळीच्या टोकाचं. तिथं जन्नतबी राहायची, पिंजाऱ्याची बायको. तिच्या शेळीला साळुबाई रोज हसायची. आज तिथंच तिला वाटी पुढं करावी लागली.

जन्नतबीनं दिव्याकडं पाहिलंसुद्धा नाही. शिंक्यावरचं मडकं उतरवलं आणि वाटी भरली. "लेकरू आजारी आन दिवा काय बघायचा?"

"तू तेवढी शहाणी निघालीस," साळुबाई पुटपुटली.

"कसली शहाणी! मीबी नेली व्हती शेळी बाजारात. म्हातारी म्हनून कसायानंसुदिक घेतली न्हाई."

एवढ्या संकटातही साळुबाईला हसू आलं.

दही लागलं. सकाळी भागूच्या पोटात ताक-भात गेला. उन्हं वर आली तशी पोर उठून बसली आणि "पेरू दे" म्हणाली. घरादाराच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी साळुबाई गुळाचा खडा घेऊन जन्नतबीकडं गेली. कुणाचं फुकट घेणारी बाई नव्हे ती!

"गूळ ने माघारी," जन्नतबी म्हणाली. "इरजणाची परतफेड कवा कुनी केलीया? उद्या माझी शेळी आटंल, तवा मी तुज्याकडं येईन. तुज्या मडक्यात असाया पायजे, बस. पर कसं असंल गं? इरजण घरच्या दुधावर जगतंय. डबा संपला की ह्येबी मेलं."

साळुबाई गुळाचा खडा मुठीत धरून घरी गेली. तिच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं.

पुढच्या खेपेला मोटारीबरोबर आलेल्या समितीच्या बाईंनी प्रेमानं विचारलं, "आणखी काय पाठवू तुम्हांला?"

"साखर!" कुणी ओरडलं. "बिस्किटं!" दुसरं ओरडलं.

साळुबाई उठली. "बाई, आमाला इरजण धाडा."

"दही? पुण्याहून?" त्या हसल्या.

"हसू नका. दुष्काळात तुमचं दूध व्हतं म्हनून माझी नात वाचली. त्या दुधाला नावं ठेवली तर माझी जीभ झडंल. पर आता रानात गवत हाय. आता डबं आलं की आमी शेळ्या इकतो, आन मोटारीला उशीर झाला की तांब्या घिऊन रस्त्याकडं बघत बसतो. ह्यो तुमचा गुना न्हाई, आमचा आळस हाय. आईविना लेकरं हायेत, आजारी हायेत, त्येंना डबं चालू ठेवा. बाकीच्यांना गाभण शेळ्या द्या. जिला मिळंल तिनं पयली पाठ, म्हंजी शेळीचं मादी पिल्लू, शेजारच्या घरी द्यायचं. ह्येच आमचं इरजण!"

बाईंचा चेहरा पडला. "म्हणजे इतके दिवस आम्ही तुमचं वाईटच केलं का हो?"

"न्हाई बाई. बुडत्याला हात दिला तुमी. पर तो काठावर आला की हात सोडावा, म्हंजी त्यो चालाया लागतो."

बाईंनी मान डोलावली. चार शेळ्या आल्या, मग पिल्लं झाली. एक पाठ मेली, एका घरानं गुपचूप विकली. साळुबाईनं त्यांना भर चौकात धुतलं. पण दावणी भरत गेल्या. संध्याकाळी आळीत पुन्हा धारांचा आवाज येऊ लागला.

आळीतली घरं पुरी झाली तेव्हा खोडदहून एक परकी बाई आली. साळुबाईनं आपल्या शेळीची पाठ तिच्या हाती दिली. ती बिचारी दावं धरून घुटमळली.

"माघारी कवा आणून देऊ, आक्का?"

"येडी का खुळी! माघारी न्हाई द्यायची. म्होरल्या घरी द्यायची."

बायांनो, देणाऱ्यांनो आणि घेणाऱ्यांनोही, मदत दुधासारखी असेल तर पिऊन संपते. विरजणासारखी असेल तर घराघरांत लागते. पण त्यासाठी आपल्या चुलीवर आपलं दूध तापलेलं असावं लागतं. तेवढं तरी करा!